पुण्याहून पहिली फॉर्म्युला वन शर्यत: तिकिटापासून परतीच्या घाटापर्यंत

शूमाकर आणि हॅकिनेन या ड्रायव्हरांच्या काळापासून रविवार टीव्हीसमोर घालवलेला माणूस पहिल्यांदा ट्रॅकवर जातो, तेव्हा एक गोष्ट त्याला कुणीच आधी सांगितलेली नसते: तिथे शर्यत नीट दिसत नाही. पाच-साडेपाच किलोमीटरच्या ट्रॅकपैकी आपल्या वाट्याला येतो तो समोरचा दोन-तीनशे मीटरचा तुकडा. दीड-दोन मिनिटांनी गाड्या येतात आणि जातात, बाकीची शर्यत समोरच्या मोठ्या पडद्यावर बघायची. लक्ष्मी रस्त्यावर विसर्जन मिरवणूक बघायला उभं राहिलं की समोरून जाईल तोच गणपती दिसतो. कुठलं मंडळ कुठल्या चौकात अडकलंय हे घरी टीव्ही लावून बसलेल्याला जास्त कळतं. तरी माणसं रस्त्यावर जातातच, कारण ढोल छातीत वाजतो तो तिथेच.

एवढं मनाशी मान्य केलं की पुढचे निर्णय बरेच सोपे होतात. कुठल्या देशात जायचं, कुठल्या स्टँडमध्ये बसायचं, एक दिवस की तिन्ही दिवस, या सगळ्याला निकष एकच लावायचा: टीव्ही जे दाखवू शकत नाही, ते कुठे मिळेल?

कुठली शर्यत?

आपल्याकडे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर २०११, २०१२ आणि २०१३ अशा तीन शर्यती झाल्या, तिन्ही सेबास्टियन व्हेटेलने जिंकल्या, आणि विषय तिथेच संपला. त्याच ट्रॅकवर २०२३ मध्ये मोटोजीपी ही मोटरसायकलींची शर्यत येऊन गेली. त्याच वर्षी फेब्रुवारीत हैदराबादला विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई. पण फॉर्म्युला वनसाठी सध्या पासपोर्ट काढण्याला पर्याय नाही.

युरोपातल्या जुन्या ट्रॅकचं, मोंझाचं किंवा स्पाचं, स्वप्न प्रत्येकाचं असतं. पण शेंगेन व्हिसाची वाट बघणं, तिथला राहण्याचा खर्च आणि उन्हाळ्यातलं विमानभाडं एकत्र केलं की पहिल्या खेपेला ते जड जातं. पुण्याच्या माणसाला अबू धाबी आणि सिंगापूर हे दोन पर्याय सोयीचे. बहारीन आणि कतारही अंतराने जवळच आहेत, पण शर्यतीपलीकडे घरच्यांना दाखवायला तिथे तुलनेने कमी.

अबू धाबीचा यास मरीना ट्रॅक खास शर्यतीसाठी बांधलेला. २००९ पासून तिथे शर्यत होते, लांबी ५.२८१ किलोमीटर, ५८ फेऱ्या. हंगामातली ही शेवटची शर्यत, डिसेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे हवा आपल्या पुण्याच्या फेब्रुवारीसारखी सोसवणारी. स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी पाचला सुरू होते आणि सूर्य मावळता मावळता दिव्यांखाली संपते. हंगामाच्या विजेतेपदाचा निकाल कधी कधी इथेच लागतो: २०१०, २०१४, २०१६, २०२१ आणि २०२५. २०२५ ला नॉरिसने व्हर्स्टापेनला अवघ्या दोन गुणांनी मागे टाकलं. पण निकाल आधीच लागलेला असेल तर शेवटची शर्यत जरा निवांत जाते, हेही खरं.

सिंगापूरची गोष्ट वेगळी. २००८ मध्ये फॉर्म्युला वनची पहिली रात्रीची शर्यत इथेच झाली. मरीना बे हा शहरातल्या रस्त्यांवरचा ट्रॅक, २०२३ पासून सुमारे ४.९ किलोमीटरचा, ६२ फेऱ्यांचा. दोन्ही बाजूंना भिंती, मोकळी जागा जवळजवळ नाहीच, आणि हवा इतकी दमट की २०२५ मध्ये एफआयएने (या खेळाच्या जागतिक संघटनेने) ड्रायव्हरांसाठी उष्णतेचा अधिकृत इशारा पहिल्यांदा दिला तो याच शर्यतीला. २००८ पासून २०२३ पर्यंत इथली एकही शर्यत सेफ्टी कारशिवाय, म्हणजे अपघातानंतर सगळ्यांचा वेग उतरवायला पुढे येणाऱ्या गाडीशिवाय, झाली नाही. पहिली तशी शर्यत २०२४ ची. आणि मराठी माणसाला सांगायलाच हवं असं एक: ट्रॅक ज्या पाडांग मैदानाला वळसा घालून जातो, तिथेच ५ जुलै १९४३ ला नेताजींनी आझाद हिंद सेनेसमोर ‘चलो दिल्ली’ची हाक दिली होती. शुक्रवारी दुपारी गेट उघडायच्या आधी तिथे एक चक्कर मारून या.

माझं मत विचाराल तर उकाडा सोसत असेल आणि मित्रमंडळींबरोबर जात असाल तर सिंगापूर. भिंतीपासून वीतभर अंतरावरून गाडी जाताना बघणं टीव्हीवर कधीच कळत नाही. आई-बाबांना किंवा लहान मुलांना घेऊन जायचं असेल, चालणं कमी हवं असेल, तर डोळे मिटून अबू धाबी.

जाण्याआधी इथे एकदा शर्यत बघा

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आणि कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे इथे राष्ट्रीय स्पर्धा होतात. २०२४ मध्ये चेन्नईत शहरातल्या रस्त्यांवर रात्रीची शर्यतही झाली. त्यातली एखादी शनिवार-रविवारी जाऊन बघितली की उन्हात सहा तास बसणं आपल्याला झेपतं का, कानाला काय लागतं, घोळक्यात गाडीचा नंबर ओळखता येतो का, हे स्वस्तात कळतं. ज्या गावात एआरएआयची टेकडी आहे आणि चाकणपासून आकुर्डीपर्यंत गाड्याच गाड्या बनतात, त्या गावात शर्यत प्रत्यक्ष बघितलेली माणसं इतकी कमी असावीत, याचं मला कायम नवल वाटतं.

रजा आणि कॅलेंडर

पुढच्या वर्षीचं वेळापत्रक बहुतेकदा आदल्या वर्षीच्या मध्यालाच जाहीर होतं. त्या दिवशी एकच काम करायचं: ट्रॅकपर्यंत सोपी मेट्रो किंवा बस असेल असं, फुकट रद्द करता येणारं हॉटेल धरून ठेवायचं. शर्यतीच्या आठवड्यात हॉटेलांचे दर तिकिटांपेक्षा वेगाने चढतात.

सिंगापूरची शर्यत सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा या सुमाराला येते. गणपती झाले, नवरात्र आलं किंवा येऊ घातलंय, असा तो काळ. घरी घट बसत असतील तर पंचांग आणि रेसिंग कॅलेंडर शेजारी ठेवूनच तारीख ठरवा. ऐनवेळी आईला समजावणं व्हिसापेक्षा अवघड. ऑफिसची रजा गुरुवारपासून मंगळवारपर्यंत मागा.

आणखी एक गोष्ट बघून घ्या: त्या आठवड्यात स्प्रिंट आहे का. साध्या आठवड्यात शुक्रवारी दोन सराव, शनिवारी तिसरा सराव आणि पात्रता फेरी, रविवारी शर्यत. स्प्रिंटच्या आठवड्यात सराव एकच. शुक्रवारीच स्प्रिंटची पात्रता, शनिवारी छोटी शर्यत आणि मुख्य पात्रता. पहिल्यांदा जाणाऱ्याला स्प्रिंट म्हणजे फायदा वाटतो. मला तसं वाटत नाही. सरावात जे निवांत बघायला मिळतं, ते त्यात कमी होतं.

तिकीट: पैसे कुठे घालायचे

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. चाहत्याचा पहिला ओढा असतो पिटसमोरच्या, म्हणजे गाड्या टायर बदलायला थांबतात तिथल्या, मुख्य स्टँडकडे. तिथून सुरुवात दिसते, पिटस्टॉप दिसतात, शेवटी विजेत्यांचं पोडियम दिसतं. पण ते तिकीट महाग, आणि सरळ रस्त्यावर गाडी समोर येते न येते तोच निघून जाते. रंग ओळखेपर्यंत संपतं. पिटस्टॉप तर दोन-अडीच सेकंदांचा, आणि समोर माणसांचा गराडा. ते सगळं टीव्हीवर जास्त छान दिसतं.

पैसे घालायचे ते लांब सरळ रस्त्याच्या शेवटी असलेल्या वळणावर. गाडी तीनशेच्या पुढच्या वेगात येते आणि शंभर-सव्वाशे मीटरच्या आत शंभराच्या खाली उतरते. ओव्हरटेकिंगचे प्रयत्न तिथेच होतात, चुका तिथेच होतात, आणि गाडी इतकी हळू होते की ड्रायव्हरचे हात दिसतात. अबू धाबीत पाचव्या वळणाच्या हेअरपिनजवळचा (जवळजवळ उलट फिरवणारं वळण) नॉर्थ किंवा सहाव्या-सातव्या वळणाजवळचा वेस्ट ग्रँडस्टँड बघा. सिंगापूरला सातव्या वळणाचा स्टॅमफर्ड किंवा चौदाव्या वळणाचा कनॉट. स्टँडचं नाव ऐकून तिकीट घेऊ नका. ट्रॅकचा नकाशा उघडून तो स्टँड कुठल्या वळणाला आहे ते स्वतः पडताळा.

दोन गोष्टी सीट निवडतानाच तपासायच्या. पहिली, समोर मोठा पडदा आहे का. नसेल तर दहाव्या फेरीनंतर कोण कुठे आहे याचा पत्ता लागत नाही. दुसरी, रांग. पुढच्या रांगा जवळ म्हणून मोहात पाडतात, पण तिथे सुरक्षेची जाळी डोळ्यासमोर येते. वरच्या रांगेतून ट्रॅकचा जास्त भाग दिसतो. शक्य तेवढं वर बसा.

बजेट कमी असेल तर सीट नसलेली तिकिटं असतात. अबू धाबीत टेकडीवरची, ‘अबू धाबी हिल’. सिंगापूरला ‘वॉकअबाउट’, ज्यात आतल्या ठरावीक भागात हिंडत कठड्याजवळ उभं राहून बघायचं. तरुण असाल, पाय धडधाकट असतील, तर सिंगापूरचं वॉकअबाउट वाईट नाही. दर सत्राला नवं वळण. फक्त रविवारी चांगली जागा धरायला गेट उघडल्या उघडल्या आत शिरावं लागतं, आणि जागा धरली की पाण्यालासुद्धा आळीपाळीने जायचं. सिंगापूरला आणखी एक सोय आहे: तीन दिवस तीन वेगळ्या स्टँडमध्ये बसवणारी एकत्रित तिकिटं मिळतात. पहिल्या खेपेला ही मला सर्वांत शहाणपणाची वाटतात.

फक्त रविवारचं तिकीट घेऊन पैसे वाचवायचा विचार असेल तर सोडून द्या. शुक्रवारचं महत्त्व पुढे येईलच.

खरेदी शर्यतीच्या किंवा फॉर्म्युला वनच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच. दर टप्प्याटप्प्याने वाढतात, त्यामुळे विक्री सुरू व्हायच्या वेळी ई-मेलसाठी नाव नोंदवून ठेवा. व्हॉट्सअॅपवर ‘एक एक्स्ट्रा आहे’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसाकडून घेऊ नका. पैसे भरायच्या आदल्या दिवशी बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार सुरू करून मर्यादा वाढवा. भारतात कार्डं मुळात देशांतर्गत वापरापुरतीच सुरू असतात आणि ऐन रांगेत नंबर आला असताना व्यवहार नाकारला जातो. बहुतेक कार्डांवर परकीय चलनाचा अधिभार दोन ते साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी, हेही हिशेबात धरा.

कागदपत्रं

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने तरी शिल्लक हवी. नसेल तर पासपोर्ट सेवा केंद्राची तारीख तिकिटाच्याही आधी घ्या.

व्हिसाची घाई दोन्हीकडे नडते. अमिरातीचा ई-व्हिसा मिळाल्यापासून साठ दिवसांत प्रवेश करावा लागतो, म्हणून ऑक्टोबरच्या मध्याआधी काढण्यात अर्थ नाही. सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटांमार्फत होतो. पुण्यात असे बरेच आहेत. प्रवासाच्या साधारण महिनाभर आधी कागद द्या. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. स्टुडिओवाल्याला ‘सिंगापूर व्हिसा’ एवढंच सांगितलं तरी त्याला कळतं. शिवाय पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत सिंगापूरचं अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. ते सरकारी साइटवर फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा.

प्रवास विमा घ्याच. टूर कंपनीचं पॅकेज घेत असाल तर त्यावर टीसीएस (कंपनीने आपल्याकडून आधीच गोळा केलेला कर) कापला जातो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, त्यामुळे पावती सीएकडे द्यायला विसरू नका. पॅकेज घ्यावं का? पहिलाच परदेश प्रवास असेल तर घ्या, पण स्टँडचं नाव लेखी घ्या. ‘ग्रँडस्टँड सीट’ एवढ्या मोघम शब्दांवर पैसे देऊ नका.

विमान आणि मुक्काम

लोहगावहून थेट उड्डाणं हंगामागणिक बदलतात, म्हणून आधी पुणे, मग मुंबई, असं बघा. मुंबईचं भाडं कमी दिसलं तरी त्यात टॅक्सीचे जाता-येताचे पैसे आणि घाटातल्या कोंडीची धास्ती मिळवा. शुक्रवारी संध्याकाळी किंवा जोडून सुट्टी असताना खंडाळ्यात किती वेळ जाईल हे कुणीच सांगू शकत नाही. गुरुवारी सकाळी निघालात तर ही कटकट राहत नाही.

परतीचं विमान रविवारी रात्रीचं घेऊ नका. सिंगापूरची शर्यत स्थानिक वेळेनुसार रात्री आठला सुरू होते, म्हणजे आपल्या साडेपाचला, आणि पावसाने खोळंबली तर दहा सहज वाजतात. अबू धाबीत शर्यतीनंतर गाण्याचा कार्यक्रम असतो आणि तो शर्यतीच्या तिकिटातच धरलेला असतो. सोमवार दुपारचं विमान दोन्हीकडे बरं.

यास बेटावरची हॉटेलं त्या आठवड्यात आपल्या आवाक्याबाहेर जातात. अबू धाबी शहरात राहा. दुबईत नातेवाईक असतील तर तिथून रोज दीड तासाचा प्रवास पडतो. शनिवारपर्यंत चालतं, रविवारी रात्री जीव काढतं. सिंगापूरला लिटिल इंडियात मुक्काम ठेवा. डाउनटाउन लाइनवर लिटिल इंडियाहून तिसरं स्टेशन प्रॉमेनाड, आणि तिथून ट्रॅकचं गेट चालत. रात्री बाराला परतल्यावरसुद्धा इडली-डोशाची सोय त्या भागात होते, हा माझ्या लेखी छोटा मुद्दा नाही.

बॅगेत काय, आणि काय अजिबात नाही

आधी काय नाही ते. खसखस अमिरातीत आणि सिंगापुरातही बंदी असलेल्या पदार्थांत येते. अबू धाबीची शर्यत दिवाळीनंतर महिन्याभराने असते आणि घरून ‘थोडा फराळ ने’ असं प्रेमाने सांगितलं जातंच. अनारसे तर मुळीच नाहीत. बाकरवडीच्या सारणात, डिंकाच्या लाडवात, कधी कधी गोड्या मसाल्यातही खसखस असते. पुड्यावरचे घटक वाचा. घरचं असेल तर विचारा. शंका असेल तर ठेवून जा. सिंगापूरला गुटखा, खायची तंबाखू, च्युइंग गम आणि ई-सिगारेट चालत नाहीत. अमिरातीत काही वेदनाशामक आणि खोकल्याची औषधं नियंत्रित यादीत आहेत, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी औषधाबरोबर ठेवा.

काय घ्यायचं ते थोडकं. कानात घालायचे फोमचे बोळे मेडिकलमध्ये मिळतात, ते प्रत्येकी दोन जोड. २०१४ पासून हायब्रिड व्ही-सिक्स इंजिनं आल्यावर आवाज पूर्वीच्या व्ही-टेन, व्ही-एटपेक्षा बराच उतरला, हे खरं. पण तीन दिवस सलग ऐकायचा असतो. लहान मुलांना कानावर बसणारे पूर्ण झाकणारे हेडफोन हवेतच. सिंगापूरला छत्री नको, मागच्याचं दृश्य अडतं. घडीचा रेनकोट घ्या. रोजच्या सवयीचे बूट घाला, नवे नाहीत. पॉवर बँक, टोपी, रिकामी पाण्याची बाटली. बाहेरचं खाणं सहसा आत सोडत नाहीत, त्यामुळे ‘थालीपीठ गुंडाळून नेऊ’ हा पुणेरी बेत हॉटेलच्या खोलीपुरताच ठेवा. कॅमेऱ्याच्या लांब लेन्सवर मर्यादा असते. नियम वाचून न्या. खरं तर नेऊच नका.

निघायच्या आधी तिकिटाचं अॅप उघडून तिकीट फोनवर उतरवून घ्या. गेटपाशी हजारो लोक एकाच टॉवरवर असतात आणि नेट रांगतं.

शुक्रवार

आता मुख्य मुद्दा. शुक्रवारी स्टँड रिकामे असतात, कुणी ओरडत नसतं, आणि गाडी बघायला मिळते. शर्यत नाही, गाडी.

पहिल्या सरावात गाड्यांवर कधी कधी हिरवा-पिवळा चकाकता रंग फासलेला दिसेल. हवा अंगावरून कशी वाहते ते तपासण्यासाठी तो असतो. फेरी संपेपर्यंत रंगाच्या रेघा पसरत मागे जातात. काही गाड्यांवर जाळीसारखी सेन्सरची चौकट बसवलेली असते. या गोष्टी टीव्हीवर चार सेकंद दाखवतात. इथे त्या दर फेरीला समोर येतात. अबू धाबीच्या पहिल्या सरावात बऱ्याच गाड्यांत नवखे ड्रायव्हर असतात, कारण प्रत्येक संघाला हंगामात ठरावीक सराव सत्रं नवख्यांना द्यावी लागतात आणि बरेच संघ ते शेवटाला उरकतात. नेहमीचा ड्रायव्हर आणि नवखा, एकाच वळणावर, एकाच सारख्या गाडीत: कोण किती उशिरा ब्रेक दाबतो ते उघड्या डोळ्यांनी कळतं.

एक काम ठरवून करा. वळणाआधी अंतर दाखवणाऱ्या पाट्या असतात. त्यातली एक निवडा आणि दहा मिनिटं फक्त तिच्याकडेच बघा. कोण पाटीच्या अलीकडे ब्रेक दाबतो, कोण पलीकडे, कुणाचं पुढचं चाक क्षणभर लॉक होऊन धूर निघतो. गिअर उतरतानाचे आवाज मोजा. दर फेरीला तेच, जवळजवळ तस्संच. आणि एखाद्या फेरीला काहीतरी वेगळं ऐकू आलं की पडदा बघायच्या आधीच तुम्हाला कळतं की हा चुकला. २०२६ पासून डीआरएस, म्हणजे ओव्हरटेकिंगसाठी उघडणारा मागचा पंख, गेलं आणि पुढचे-मागचे दोन्ही पंख हलणारे आले. सरळ रस्त्यावर ते आडवे होतात आणि ब्रेकच्या आधी उभे राहतात. वळणाच्या स्टँडमधून ते मिटणं स्पष्ट दिसतं. अंधार पडल्यावर पुढच्या चाकांच्या आत कार्बनच्या ब्रेक डिस्क नारिंगी पेटलेल्या दिसतात, गाडी वळली की विझतात. आणि जळक्या रबराचा, गरम ब्रेकचा जो वास येतो, तो कुठल्याच वाहिनीवर येत नाही.

रात्रीच्या शर्यतींत दुसरा सराव जास्त महत्त्वाचा, कारण तोच शर्यतीच्या वेळेला होतो. पहिला आणि तिसरा उन्हात, तापलेल्या ट्रॅकवर. दुसऱ्या सरावाच्या उत्तरार्धात संघ भरल्या टाकीने सलग फेऱ्या मारतात. त्या वेळा फोनवर टिपून ठेवा: कुणाचं टायर लवकर ढेपाळतंय याचा अंदाज रविवारी कामाला येतो.

फोनवर व्हिडिओ काढायचाच तर पहिल्या पाच मिनिटांत काढून टाका. एवढ्या वेगाची गाडी फोनच्या चौकटीत बसत नाही आणि नंतर ते कुणी बघतही नाही.

शनिवार

पात्रता फेरी हा माझा आवडता तास, आणि ट्रॅकवर सर्वांत सहज समजणारा. २२ गाड्या, पहिल्या टप्प्यात सहा बाहेर, दुसऱ्यात आणखी सहा, उरलेल्या दहांत पोल, म्हणजे सर्वांत पुढून सुटायची जागा. गाडी हलकी, टायर मऊ, ड्रायव्हर जीव तोडून. शुक्रवारी जी पाटी पाठ केली तिच्याकडे पुन्हा बघा: सगळे तिच्या बरेच पुढे गेलेले असतील.

बाकीच्या छोट्या शर्यती टाळू नका. अबू धाबीत फॉर्म्युला टू, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालची पायरी, असते आणि ती मुलं जास्त भांडतात. आपले जेहान दारूवाला, कुश मैनी तिथेच चमकले.

रविवार

दुपारच्या जेवणानंतर आत. शर्यतीच्या साधारण दोन तास आधी ड्रायव्हरांची फेरी असते. हात हलवत जातात, तेव्हा चेहरे नीट दिसतात.

तुम्ही वळणाच्या स्टँडमध्ये असाल तर पाच लाल दिवे विझताना पडद्यावर बघायचे. मग काही सेकंद काहीच नाही, नुसता दुरून चढत येणारा आवाज, आणि मग २२ गाड्या एकदम अंगावर. त्या पहिल्या फेरीला खाली बघून पाणी-बिणी शोधू नका.

त्यानंतर सगळी शर्यत डोक्यात ठेवायचा हट्ट सोडा. एक झुंज पकडा, शक्यतो पाचव्या ते दहाव्या क्रमांकाची, कारण पडदा ती दाखवणार नाही. टायरच्या कडेचा रंग बघा: लाल मऊ, पिवळा मधला, पांढरा कडक, पावसात हिरवा आणि निळा. जो मागे अडकलाय तो आधी पिटमध्ये जाऊन नव्या टायरवर दोन फेऱ्या जोरात मारेल आणि पुढचा बाहेर येईपर्यंत त्याला ओलांडेल. याला अंडरकट म्हणतात हे तुम्हाला माहीत आहेच. ट्रॅकवर मात्र तो ओळखायचा तर घड्याळ लावून दोन गाड्यांतलं अंतर मोजावं लागतं. पहिली गाडी समोरून गेली की सेकंद मोजायला सुरुवात करा. दहा-पंधरा फेऱ्यांत सवय होते आणि मग मजा येते.

अॅपवरचं लाइव्ह टायमिंग चालेल तेवढं चालेल. खरा उपाय म्हणजे घरी टीव्हीसमोर बसणारा एक जाणकार मित्र. त्याला सांगून ठेवा: पिटस्टॉप, दंड आणि सेफ्टी कार, एवढेच तीन मेसेज, बाकी बडबड नको. नेट अडलं तरी साधा मजकूर केव्हातरी पोहोचतो. घरी आलात की संपूर्ण शर्यत रिप्लेला बघाच, त्याशिवाय कोण कसा जिंकला यावर वाद घालू नका.

सुटल्यावर

झेंडा पडला की सगळे एकदम गेटकडे धावतात. तुम्ही बसून राहा. पोडियम पडद्यावर बघा, पाणी प्या, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. काही ट्रॅकवर शर्यतीनंतर प्रेक्षकांना आत सोडतात. सोडलं तर कडेला पडलेले रबराचे गोळे बघायला मिळतात, गाड्यांच्या टायरमधून निघालेले, हाताला चिकट आणि वजनाला अनपेक्षित जड. एखादा पिशवीत घाला, पण वेगळ्या पिशवीत. कपड्यांना लागलेला तो काळा डाग निघत नाही.

बरोबर आई-बाबा असतील तर भेटायची जागा आधीच ठरवा, फोनच्या भरवशावर नाही. ज्यांना शर्यतीत रस नाही त्यांना तिन्ही दिवसांचं तिकीट काढून बसवू नका. शुक्रवारी त्यांना शहर बघू द्या, तुम्ही ट्रॅकवर. बायको किंवा नवरा ‘एकच दिवस येईन’ म्हणत असेल तर तो शनिवार असू द्या. तासाभरात संपतं, नियम दोन वाक्यांत सांगता येतात.

सोमवारी रात्री मुंबईला उतरून मध्यरात्रीच्या टॅक्सीने घाट चढायचा आणि मंगळवारी सकाळी नऊला हिंजवडीत मीटिंगला हजर राहायचं, असा बेत कुणी कुणी करतं. करू नका. वाकडच्या पुलाखाली पहिल्या गिअरमध्ये तासभर सरकताना फार त्रास होतो. मंगळवारची रजा टाका.